पाकिटाची ओटी

आमच्या नलूआत्येचा नवरा पाकिटातून घरी आला, ही गोष्ट मी लहानपणी इतक्या वेळा ऐकली होती की तिच्यात काही चमत्कारिक आहे असं मला कधी वाटलंच नाही. माणसं एस.टी.नं येतात, बोटीनं येतात, आप्पा पाकिटानं आले. त्यांच्या डाव्या पायाची तीन बोटं नव्हती. ती पाकिटात मावली नसतील, असा माझा समज होता. मी तो शाळेत सांगितला आणि मार खाल्ला.

खरी हकिगत अशी. आप्पा पलटणीत होते. बासष्टच्या लढाईत ते लडाखला बर्फात सापडले. पाय सुजून काळा पडला, अंगात ताप, शुद्ध येऊन-जाऊन. त्यांना लेहहून चंदीगडच्या इस्पितळात ज्या विमानानं आणलं, त्या जातीच्या विमानांना पॅकेट म्हणत. गुहागरच्या आगरात पोचेपर्यंत त्याचं पाकीट झालं, आणि पाकीटच राहिलं.

इकडे आत्या तेव्हा विशीतली. आप्पांची काही खबर नाही म्हणून ती ग्रामदेवीपुढे उभी राहिली आणि बोलून बसली, "जी कोण ह्यांना सुखरूप घेऊन येईल, तिची मी ओटी भरीन." तिच्या मनात कोणी नर्सबाई असावी. आप्पा काठी टेकत घरी आले तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "कोणी आणलंन तुम्हाला?"

"पॅकेटनं," आप्पा म्हणाले.

झालं. खण, नारळ आणि तांदूळ घेऊन पाकिटाची ओटी भरणं आत्येच्या कपाळी आलं. गावच्या गुरवाला विचारलं, तर तो म्हणाला, "देवीला शब्द दिलास, आता पाकीट तर पाकीट." पण पाकीट तिकडे उत्तरेला आकाशात. उडत्या बाईची ओटी भरायची कशी? नवस पंचवीस वर्षं राहून गेला.

आणि मग मी माझ्या हातानं माझा खड्डा खणला. अठ्ठ्याऐंशी साली, शिमग्याच्या आधी, आत्या नि आप्पा रत्नागिरीला आमच्याकडे राहायला आले होते. आप्पांना डॉक्टरना दाखवायचं होतं. चहा पिता पिता मी सहज बोलून गेलो की ती पॅकेट विमानं आता म्हातारी झाली, सरकारनं ती उडवायची बंद केली, आणि त्यांतलं एक दिल्लीला जुन्या लढाऊ विमानांच्या संग्रहालयात आणून ठेवलंय.

आत्येनं बशी खाली ठेवली. "म्हणजे आता बसलंय एका जागी?"

"बसलंय."

"मग जाऊया."

मला वाटलं डॉक्टर अडवतील. डॉक्टरांनी आप्पांच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "कुठे लांब जायचं असेल तर आत्ता जाऊन या. पावसाळ्यानंतर विचारलंत तर मी हो म्हणेन असं नाही." आप्पा हसले. आत्या हसली नाही. ओटी भरायची ती सवाष्णीनं. कुंकू पुसल्यावर तो नवस फेडता येत नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. घरी येऊन तिनं ट्रंक उघडली आणि एवढंच म्हणाली, "आहे तोवर उरकूया."

काय आहे तोवर, हे कोणी विचारलं नाही.

मी का बरोबर? तर मला हिंदी येतं. माझा टायपिंगचा क्लास आहे आणि पाटीवर 'मराठी, हिंदी, इंग्रजी' असं रंगवलेलं आहे. हिंदीची परीक्षाही मी पास आहे. "दिल्लीत बोलायला कोणीतरी हवं," आत्या म्हणाली, आणि मी छाती काढली.

गाडीत

मुंबईपर्यंतचा एस.टी.चा प्रवास मी सांगत नाही. ज्यांनी केलाय त्यांच्या कमरेला ठाऊक आहे. दिल्लीच्या गाडीत बसलो तेव्हा आमच्याकडे सामान होतं असं: एक ट्रंक, एक वळकटी, आणि एका पोत्यात पाच नारळ. ओटीला एक नारळ लागतो. बाकीचे चार का, असं विचारल्यावर आत्या म्हणाली, "एक किडका निघाला तर? आणि एक फुटला तर? आणि दिल्लीत कोणाकडे जाऊ तर रिकाम्या हातानं जातस काय?" चौथ्याचं कारण तिनं सांगितलं नाही. तो रतलामच्या पुढे कुठेतरी बाकाखालून घरंगळत निघाला आणि डब्याच्या दुसऱ्या टोकाला संडासाजवळ जाऊन थांबला. मी त्याच्यामागे चारही पायांवर गेलो. एक म्हातारा सरदारजी पाय वर घेऊन म्हणाला, "जाने दे पुत्तर, वो भी दिल्ली ही जा रहा है."

समोरच्या बाकावर लुधियानाची एक बाई होती. तिनं आम्हाला डब्यातले मुळ्याचे पराठे दिले, वर लोणच्याची फोड. पंजाबात प्रवासात ओळख आधी होत नाही, आधी जेवण होतं आणि मग नाव विचारतात. आपल्याकडे आधी गाव, मग आळी, मग कोणाचे कोण, आणि मग फार तर सुपारी. आत्येला हे फार आवडलं. परतफेड म्हणून तिनं कनवटीची पुडी सोडून मूठभर आमसुलं दिली. बाईला ती सुकवलेली बोरं वाटली. तिनं चार एकदम तोंडात टाकली. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला, पण ती थुंकली नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बहुत अच्छा है जी." आत्या मला म्हणाली, "सभ्य बाई. आपल्यात असती तर घर डोक्यावर घेतलंन असतंन."

आप्पा खिडकीशी बसून सगळं बघत होते. ते मुळातच कमी बोलणारे. त्यांच्या वतीनं मी हिंदीत बोलत होतो, तिकीट तपासनिसाशी, चहावाल्याशी, सरदारजीशी. आप्पा कौतुकानं ऐकत.

दिल्ली, मंगळवार

उतरलो ते करोलबागेतल्या एका लॉजवर. आंघोळी आटोपून, ओटीचं ताट फडक्यात बांधून, रिक्षा करून विमानांच्या संग्रहालयाच्या दारात हजर झालो. दार बंद. मंगळवारी सुट्टी.

"विचारलं नव्हतंस?" आत्या म्हणाली.

"कोणाला विचारणार रत्नागिरीत बसून?"

"येताना त्या सरदाराला विचारायचं होतंस. तुला हिंदी येतं ना?"

परतीचं आरक्षण बुधवारच्या संध्याकाळचं होतं. म्हणजे हातात बुधवारचा तेवढा दिवस. आत्येनं ताटातला खण सारखा केला, परत बांधला, आणि परतीच्या वाटेवर आप्पांच्या चालीनं हळूहळू चालत राहिली. आप्पांना धाप लागली तसं आम्ही एका दुकानाच्या पायरीवर बसलो. मार्च महिना असला तरी दुपारी चटका होता. आतून मालक बाहेर आला. आपण उगाच बसलो नाही हे सांगायला मी उठून नम्रपणे म्हणालो, "माफ करना, बाहर बहुत ऊन है."

तो म्हणाला, "बाहर नहीं बाबूजी, ऊन अंदर है. कौनसा रंग चाहिए?"

मी वर पाटी बघितली. लोकरीचं दुकान होतं. हिंदीत ऊन म्हणजे लोकर, हे मला परीक्षेत विचारलं नव्हतं. भल्या माणसानं तरी आप्पांना स्टूल दिलं, माठातलं पाणी दिलं, आणि शेवटी मला भीड पडून मी बदामी रंगाचे दोन गुंडे विकत घेतले. रत्नागिरीत लोकर! माझी बायको अजून ती बघते आणि माझ्याकडे बघते.

दिल्ली, बुधवार

दार उघडायच्या आधीच आम्ही दारात. पहाऱ्यावर एक उंच हरयाणवी जवान होता. पिशव्या उघडून बघत होता, त्या वर्षांत दिल्लीत सगळीकडेच बघत. आमच्या पोत्यात हात घालून त्यानं नारळ बाहेर काढला, कानाशी हलवला.

"ये किसलिए?"

मी घसा साफ केला. 'ओटी भरणे' ह्याचं हिंदी मी गाडीतच तयार ठेवलं होतं. ओटी म्हणजे गोद. भरणे म्हणजे भरना. मी ठणकावून सांगितलं, "इनको विमान की गोद भरनी है."

जवान माझ्याकडे बघत राहिला. मग आत्येकडे. मग आतल्या मैदानात उभ्या असलेल्या विमानांकडे.

"गोद भराई?" तो म्हणाला. "क्यूं, जहाज पेट से है?"

तिकडे गोदभराई म्हणजे आपलं डोहाळजेवण, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की आणखी दोन जवान हसत हसत जवळ आले आहेत. "कौन से महीने में है?" एकानं विचारलं. मी गडबडून आणखी खोल गेलो. म्हणालो, "नहीं नहीं, उस विमान ने इनके पति को पेट में लिया था." आता एकजण खाली बसला.

आत्येला हिंदी येत नाही, पण हसू कोणत्याही भाषेतलं कळतं. तिनं मला बाजूला सारलं. "साहेब," ती म्हणाली, "हमारा माणूस तुम्हारे पाकीट में आया."

जवान एकदम गंभीर झाला. "पाकिट? किसका पाकिट गया? कहां मारा?" आणि त्यानं शिट्टी वाजवली.

शिट्टी ऐकून आतून त्यांचे साहेब आले. मिशा पांढऱ्या, चाल कडक. सगळे त्यांना चौधरीसाहेब म्हणत होते. आमचं पाकीट मारलं गेलंय, आम्ही गर्भार विमानाला भेटायला आलोय, आणि पोत्यात पाच गोळे आहेत, अशी तिहेरी तक्रार त्यांच्यापुढे गेली. ते म्हणाले, "पूजा-पाठ यहां मना है. सामान गेट पर रखो, टिकट लो, देखो, जाओ." आणि वळले.

आत्येचा चेहरा मी त्याआधी कधी तसा बघितला नव्हता. तिनं ताट छातीशी धरलं होतं. रागावलीही नाही. एखाद्याची शेवटची बोट धक्क्यावरून सुटावी तशी ती उभी राहिली.

तेव्हा आप्पा पुढे झाले. काठी डाव्या हातात घेतली, टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "साब! सन बासठ, लेह सेक्टर. फ्रॉस्टबाइट कॅज्युअल्टी. पॅकेट से चंडीगढ इव्हॅक्युएट हुआ था. मेरी घरवाली ने मन्नत मांगी थी. पच्चीस साल से बाकी है. उस जहाज का शुक्रिया करना चाहती है, बस."

चौधरीसाहेब थांबले. वळले. त्यांनी आप्पांच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "पहले क्यों नहीं बताया, उस्ताद?"

मीही तेच विचारलं, मराठीत. "आप्पा, तुम्हाला एवढं हिंदी येतं?"

"पलटणीत पंधरा वर्षं काय मुक्यानं काढली?"

"मग गाडीपासून एकदाही बोलला नाहीत ते?"

"तू इतक्या हौसेनं बोलत होतास," आप्पा म्हणाले, "म्हटलं बोलू दे."

मी आत्येकडे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"होतं तर. पण ट्रंक नि वळकटी कोण उचलणार? हे?"

असा मी दुभाष्याचा हमाल होऊन आत शिरलो.

आत बघण्यासारखं खूप आहे, आणि ज्यांना जमेल त्यांनी जरूर बघावं. छपराखाली जुनी विमानं ओळीनं उभी आहेत. पंख्याची आहेत, जेटची आहेत. काहींच्या पंखांना चक्क कापड लावलेलं. पासष्टच्या लढाईत नाव काढलेलं नॅट बघून आत्या म्हणाली, "एवढंसं? हे तर आपल्या पडवीत राहील." सगळी पुसून-रंगवून ठेवलेली, आणि पायाखाली तेलाचा एक थेंब नाही. आमच्या डेपोतल्या नव्या एस.टी.खालीसुद्धा तळं असतं.

बाहेर मैदानात मोठी विमानं. गेलेली पत परत मिळवायची म्हणून मी पुढे धावलो आणि चार इंजिनांच्या एका धिप्पाड विमानापुढे उभा राहून घोषणा केली, "आत्ये, हे तुझं पाकीट!" आत्येनं पदर खांद्यावरून घेतला, डोळे मिटले, हात जोडले. चौधरीसाहेब मागून आले आणि म्हणाले, "माताजी, ये लिबरेटर है. ये बम गिराता था."

आत्येनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "मेल्या, माणसं मारणारीच्या पाया पडायला लावलंस."

पॅकेट पलीकडे होतं. विमान म्हणावं तर कोणी म्हणणार नाही. मधे पोटासारखा फुगीर डबा, दोन बाजूंना दोन इंजिनं, त्यांच्यापासून मागे निघालेल्या दोन लांब शेपट्या, आणि पाठीवर मागाहून बसवलेलं आणखी एक इंजिन. दिसायला अगदीच गावठी, कामाला वाघ, अशा बायका आपल्या प्रत्येक वाडीत एक-दोन असतात. अडल्या-नडल्याला त्याच येतात. मागचा दरवाजा कवाडासारखा दोन्हीकडे उघडणारा. आजारी माणसांना तिथून आत घेत, साहेबांनी सांगितलं.

आत्या आप्पांना म्हणाली, "हेच का हो?"

आप्पा बघत राहिले. "बाहेरून मी कधी बघितलंच नाही. मी आडवा होतो."

चौधरीसाहेब खोटं बोलणारे नव्हते. ते म्हणाले, अशी पॅकेटं पुष्कळ होती, त्या दिवशी कोणतं होतं ते आता सांगता येणार नाही. आप्पांनी ते आत्येला मराठीत सांगितलं. तिचा हात ताटावरच थांबला. देवीला तिनं सांगितलं होतं, जी आणील *तिची*. दुसऱ्या कुठलीची नव्हे.

आप्पा साहेबांना म्हणाले, "आत बघू का?" साहेबांनी मागच्या दाराची एक फळी उघडायला लावली. आप्पा वाकले, डोकं आत घातलं आणि वर छताकडे बराच वेळ बघत राहिले. मग बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "हेच. वर दोऱ्या बांधायच्या कड्या आहेत ना, त्या मी चंदीगडपर्यंत मोजत आलो."

मग काय विचारता! रंगाला हळदकुंकू लावायचं नाही, नारळ फोडायचा नाही, एवढ्या अटींवर साहेबांनी परवानगी दिली. स्टूल आणून दाराखाली ठेवलं. आत्येनं त्यावर खण ठेवला, खणावर तांदूळ, नारळ, सुपारी, हळकुंड. कुंकवाचं बोट विमानाऐवजी नारळाला लावलं. एरवी ओटी भरताना बायका काय काय पुटपुटतात. ही एवढंच म्हणाली, "बाई गं, उशीर झाला. राग मानू नकोस." मघाशी हसणारे तिघे जवान टोप्या काढून उभे होते.

एक गोष्ट राहिली. ओटी भरली की जिची भरली ती त्यातले चार दाणे भरणारीच्या पदरात परत टाकते. रिकाम्या पदरानं पाठवत नाहीत. आत्या पदर पसरून विमानापुढे उभी. विमान काही देईना. आप्पांनी साहेबांना ते समजावून सांगितलं. चौधरीसाहेब म्हणाले, "तो फिर हम दे देते हैं. हम इसी के घरवाले हैं." नळावर जाऊन त्यांनी हात धुतले आणि ओंजळ भरभरून तांदूळ आत्येच्या पदरात घालू लागले. एक, दोन, तीन ओंजळी.

"अहो, चार दाणे! चार दाणे!" आत्या ओरडली. "सगळीच ओटी परत केलीत की!"

आप्पांनी भाषांतर केलं. साहेब म्हणाले, "माताजी, हमारे यहां बेटी को मायके से गिनकर नहीं देते."

हे भाषांतर न करताच तिला कळलं. तिनं पदर डोळ्यांना लावला, तसे निम्मे तांदूळ खाली सांडले, आणि ते वेचायला तिघे जवान आणि मी, आम्ही चौघे पॅकेटच्या पोटाखाली रांगत होतो. उरलेले नारळ तिनं तिथेच वाटून टाकले. शिट्टीवाल्याला तिनं सर्वात मोठा दिला.

परतताना

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी एका स्टेशनात बरीच थांबली. आप्पा नि मी फलाटावर चहाला उतरलो. माझ्या पोटात प्रश्न राहत नाहीत. मी विचारलं, "आप्पा, त्या कड्या खरंच मोजल्या होत्यात?"

आप्पांनी फुंकर मारून चहाचा घोट घेतला. "बर्फानं डोळे आले होते तेव्हा. लेह ते चंदीगड माझ्या डोळ्यांवर पट्टी होती."

"मग?"

"मग काय? ती पंचवीस वर्षं थांबली होती. मी आणखी किती थांबणार?" आणि कप परत करून ते हळूहळू डब्याकडे निघाले.

आत येऊन ते आडवे झाले, लगेच डोळा लागला. आत्या त्यांच्या पायांवर शाल घालत होती. माझा चेहरा बघून ती हलक्या आवाजात म्हणाली, "पट्टीचं सांगितलंनी ना तुला?"

"तुला ठाऊक आहे?"

"लग्न झालंय माझं त्यांच्याशी. घरी आले तेव्हा सहा महिने उजेडाकडे बघवत नव्हतं, तेव्हाच सगळं सांगितलंनी. आता विसरले की मला सांगितलंय."

"मग ते पाकीट तेच नसेल तर? तुझा नवस?"

"अरे, गावात सवाष्णी काय एक असते? दाराशी येईल तिची ओटी भरायची, पोचते ती देवीला. ह्या सगळ्या बहिणी-बहिणीच. एकीला दिलं ते जिनं आणलं तिला पोचलं." शालीचं टोक तिनं आप्पांच्या त्या बोटं नसलेल्या पायाखाली खोचलं. "पण ह्यांनी माझ्यासाठी 'हेच' म्हटलंनी. ते हेच. तू मधे तोंड घालू नको."

संध्याकाळी आप्पा उठले. आत्येनं त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन ते तिला म्हणाले, "तेच होतं हो. मला वर बघितल्याबरोबर कळलं."

"होय हो," आत्या म्हणाली. "तेच."

आणि त्या सबंध प्रवासात पहिल्यांदाच मी कुठल्याही भाषेत काहीही बोललो नाही.